चिकाचे पहिले तीन दिवस

प्रसूतिगृहाच्या भिंतीवर, आरोग्य उपकेंद्राच्या फलकावर, अंगणवाडीच्या तक्त्यावर एक वाक्य हमखास असतं: आईच्या दुधाने बाळाची रोगप्रतिकारशक्ती वाढते. वाक्य खरं आहे, पण इतकं वाचून झालंय की आता त्यातून काहीच बोध होत नाही. वाढते म्हणजे काय होतं? ही शक्ती कुठे साठते? किती दुधानं येते? बोटभर मध किंवा बाटलीभर पावडरचं दूध मध्ये गेलं तर असं काय बिघडतं? हे कुणी समजावून सांगत नाही. मग खाटेशी उभी असलेली आजी चिकाकडे, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांच्या घट्ट पिवळसर दुधाकडे, बघून "अगं, पिवळं दूध आहे ते, पिळून टाक" म्हणते, तेव्हा तिच्यासमोर ठेवायला सुनेकडे वाक्य असतं, कारण नसतं. आजीला कारण पटतं, वाक्य पटत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

कारण बाळाच्या जन्माआधीपासून सांगायला हवं. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत गर्भाला पोसणारी वार आईच्या रक्तातली आयजीजी ही प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना ओळखून धरणारी प्रथिनं, बाळाला पोचवत असते. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात ती आईइतकी, कित्येकदा तिच्याहून थोडी जास्तच असतात. दर तीन-चार आठवड्यांनी ती निम्मी होत जातात आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं होतं तेव्हा त्यांची पातळी तळाला गेलेली असते. म्हणजे बाळाच्या रक्ताची सोय आईनं पोटातच करून ठेवलेली असते. उघडं राहतं ते बाळाचं आतडं, घसा आणि नाक. या ओल्या पृष्ठभागांवर काम करणारं प्रतिपिंड वेगळं, आयजीए. ते वारेतून पलीकडे जात नाही आणि नवजात बाळाचं स्वतःचं आतडं पहिले काही आठवडे ते नावापुरतंच बनवतं. जंतूंची ये-जा मात्र बहुतेक याच वाटांनी होते. ही उणीव भरून काढायला चीक असतो.

गाईच्या चिकाचं काम यापेक्षा वेगळं आहे. आपल्याकडे खरवस घरोघरी माहीत असल्यानं दोन्हींची गल्लत सहज होते. गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडं मिळतच नाहीत. वासरू जन्मतं ते रिकाम्या रक्तानं. त्याच्या आतड्याची रचना अशी असते की पहिले काही तास चिकातली मोठी प्रथिनं अख्खीच्या अख्खी रक्तात शिरतात. साधारण 24 तासांत ही वाट बंद होते. म्हणून जाणता गोठेवाला आधी वासराला पोटभर पाजतो आणि उरलेला चीक खरवसाला काढतो. उंदरांच्या पिल्लांतही दुधातली प्रतिपिंडं रक्तात जातात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एरलिख यांनी 1892 मध्ये आधीच प्रतिकारशक्ती तयार केलेली उंदरीण आणि साधी उंदरीण यांच्या पिल्लांची अदलाबदल करून संरक्षण दुधातून मिळतं हे दाखवलं होतं. माणसाचं बाळ या बाबतीत निराळं आहे. त्याच्या आतड्यातून प्रतिपिंडं रक्तात जवळपास जातच नाहीत, आणि तशी गरजही नसते. स्वीडनच्या लार्स हॅन्सन यांनी 1961 च्या सुमारास आईच्या दुधातलं आयजीए रक्तातल्या आयजीएहून वेगळ्या घडणीचं असल्याचं दाखवलं, तेव्हा हा उलगडा होऊ लागला.

वेगळी घडण म्हणजे अशी: दोन आयजीए एका छोट्या प्रथिनानं जोडलेले असतात आणि स्तनातल्या पेशींमधून दुधात उतरताना त्यांना आणखी एक प्रथिन गुंडाळलं जातं. या आवरणामुळे पाचक रसांचं त्यांच्यावर फारसं चालत नाही. बाळाच्या पोटातून ते तसेच आतड्यात पोचतात, आतड्याच्या अस्तरावरच्या बुळबुळीत थरात अडकून राहतात आणि जंतूला धरतात. धरलेला जंतू अस्तराला चिकटू शकत नाही, शीतून बाहेर पडतो. लढाई पेटत नाही, सूज येत नाही, ताप येत नाही. आतड्याचं नुकसान न होता काम होऊन जातं. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लढाई उभी राहते. आईचं दूध बरंचसं काम लढाई टाळून करतं.

आणि हे आयजीए कोणत्या जंतूंविरुद्ध असतं? आईच्या आतड्यात आणि श्वासमार्गात ज्यांच्याशी गाठ पडली आहे, त्यांच्याविरुद्ध. आतड्याच्या भिंतीत पेशींचे लहान लहान पुंजके असतात. तिथे जंतूंची ओळख पटवून घेतलेल्या पांढऱ्या पेशी गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळंतपणानंतर रक्तावाटे स्तनात जाऊन वस्ती करतात आणि तिथेच आयजीए बनवतात. आई जे पाणी पिते, ज्या घरात राहते, ज्या माणसांत वावरते, तिथल्याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या दुधात उतरतात. बीडकडची बाई तान्ह्या लेकराला घेऊन ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीच्या फडावर जाते. पाणी बदलतं, जंतू बदलतात. नव्या जंतूंशी आधी तिच्या शरीराची गाठ पडते आणि काही दिवसांत त्यांच्याविरुद्धचं आयजीए दुधातून बाळाला मिळू लागतं. कोणत्याही कारखान्यात, कितीही शुद्ध पावडर केली तरी, त्या फडासाठीचं दूध तयार होऊ शकत नाही.

हाच धागा धरून आईच्या तापाकडे पाहायला हवं. आईला सर्दी-खोकला झाला, जुलाब झाले की पहिली सूचना येते, "बाळाला अंगावर पाजू नकोस, त्याला लागेल." लक्षणं दिसायच्या आधीच ते जंतू आईच्या श्वासातून, हातांवरून बाळापर्यंत पोचलेले असतात. पाजणं थांबवलं तर जंतू मिळतात आणि त्यांच्यावरचा उतारा तेवढा बंद होतो. हात साबणानं धुवायचे, खोकला असेल तर नाका-तोंडावर मास्क लावायचा आणि पाजत राहायचं. क्षयरोगाच्या उपचारावर असलेल्या आईनंही पाजायचं असतं. बाळाला प्रतिबंधक औषध डॉक्टर देतात. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मल्या जन्मल्या लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देऊन पाजता येतं. एचआयव्ही असलेल्या आईनं औषधं नियमित घेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाजावं, असंच आपल्याकडचं धोरण आहे. खरोखर बंद करायला लावणारी कारणं मोजकी आहेत: कर्करोगाची काही औषधं, किरणोत्सारी औषधं, बाळाला गॅलेक्टोसेमिया हा जन्मजात आजार, अशी.

दुधात आयजीएइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. पाणी सोडलं तर दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल दुधात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, ती एक प्रकारची गुंतागुंतीची साखर असते आणि बाळाला ती पचतच नाही. दीडशेहून जास्त प्रकार आतापर्यंत ओळखले गेले आहेत. बाळाला न पचणारी वस्तू आईचं शरीर एवढ्या कष्टानं का बनवतं? कारण ती बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंचं अन्न आहे. ते ही साखर खातात, आम्लं तयार करतात, आतड्यातलं वातावरण आंबट ठेवतात आणि जुलाब करणाऱ्या कित्येक जंतूंना तिथे तग धरणं अवघड होतं. शिवाय या साखरेची काही टोकं आतड्याच्या पेशींवरच्या साखरेसारखीच दिसतात. जंतू हिलाच खुंटी समजून धरतो आणि तिच्याबरोबर वाहून जातो. लॅक्टोफेरिन हे प्रथिन लोह घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे लोहावर वाढणाऱ्या जंतूंची उपासमार होते. लायसोझाइम काही जंतूंच्या भिंती फोडतं. जिवंत पांढऱ्या पेशीही दुधात असतात आणि आई किंवा बाळ आजारी पडलं की त्यांची संख्या वाढते.

दुधाचं दुसरं मोठं काम शिकवण्याचं. पोटात असताना बाळाचं आतडं जवळजवळ निर्जंतुक असतं. जन्मानंतर काही दिवसांत तिथे कोट्यवधी जिवाणू येतात आणि नंतर आयुष्यभर परकं अन्न येत राहतं. यातलं कशाकडे दुर्लक्ष करायचं आणि कशावर तुटून पडायचं हे बाळाच्या पेशी पहिल्या काही महिन्यांत ठरवायला शिकतात. दुधातले टीजीएफ-बीटासारखे संदेशवाहक रेणू त्या पेशींना शांत ठेवतात, आतड्याचं अस्तर लवकर घट्ट व्हायला मदत करतात. दुधातलं आयजीए चांगल्या जिवाणूंनाही हलकेच वेढून ठेवतं, त्यामुळे ते अस्तरापासून अंतर राखून नांदतात. शक्ती वाढण्याइतकाच शक्तीला आवर घालण्याचा हा भाग आहे. तो भिंतीवरच्या वाक्यात कुठेच येत नाही.

आता प्रमाणाकडे येऊ, कारण घरातली सगळी घबराट प्रमाणावरूनच होते. पहिल्या दिवशी चीक एका वेळेला 2 ते 10 मिलि येतो. दुसऱ्या दिवशी 5 ते 15, तिसऱ्या दिवशी 15 ते 30. चोवीस तासांचा पहिल्या दिवसाचा हिशेब साधारण 30 मिलि, म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येणारी छोटी टोपी दोन-तीनदा भरेल इतका. बघणाऱ्याला हे काहीच वाटत नाही. पण चिकात लिटरमागे 10 ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून जास्त आयजीए असतं. पुढे दूध दिवसाला 700-800 मिलि होतं, तेव्हा ते लिटरमागे एका ग्रॅमच्या आसपास उतरतं. गुणाकार केला तर कळतं की थेंब-थेंब चीक पिणाऱ्या पहिल्या दिवशीच्या बाळाला, दूध पंचविसाव्या हिश्शाइतकंच असूनही, पोटभर पिणाऱ्या महिन्याच्या बाळाच्या रोजच्या रतिबाच्या निम्म्याच्या जवळपास आयजीए मिळतं. पहिल्या दिवशीचं दूध कमी नसतं. ते आटवलेलं असतं.

तरी प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी ठरलेला संवाद होतोच. "अजून दूधच उतरलं नाही. उपाशी ठेवायचं का लेकराला?" वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खाली येतं आणि मग भरपूर दूध उतरायला दोन ते तीन दिवस लागतात. सिझेरियन झालं असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल, मधुमेह असेल तर थोडे जास्त. वारेचा तुकडा आत राहिला असेल तर फारच उशीर होतो, म्हणून तो तपासावा लागतो. या मधल्या काळात कुणीतरी पावडरच्या दुधाचा डबा आणतं. वाटीत 30 मिलि पावडरचं दूध कालवून पाजलं जातं. बाळाचं एवढंसं पोट गच्च भरतं आणि ते चार तास झोपतं. घर निर्धास्त होतं. पण त्या चार तासांत बाळानं एकदाही ओढलेलं नसतं, आणि बाळानं ओढल्याशिवाय स्तनाला आणखी दूध बनवण्याचा निरोप जात नाही. तिसऱ्या दिवशी खरोखरच दूध कमी असतं आणि मग डबाच खरा ठरतो. आतड्यातही बायफिडोबॅक्टेरियमला हवी असलेली साखर पुरेशी न मिळाल्यानं वेगळ्या जिवाणूंची वस्ती आधी बसते.

बाळाला पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नये, लंगोटावरून ठरवावं. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा-आठदा. काळी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. पहिल्या दिवसांत वजन सात टक्क्यांपर्यंत उतरणं स्वाभाविक आहे. दहा टक्क्यांजवळ गेलं तर पाजण्याची पद्धत लगेच बघायला हवी. दोन आठवड्यांत बाळ जन्मवजनावर आलं पाहिजे. हे सगळं ठीक असेल तर दूध पुरतंय, मग शेजारीण काहीही म्हणो.

पाजण्याची पद्धत बघायची म्हणजे बाळाचं तोंड बघायचं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालून कमी, वरून जास्त दिसणारा. नुसतं स्तनाग्र तोंडात असेल तर आईला चिरा पडतात आणि बाळाला दूध मिळत नाही. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. घड्याळापेक्षा बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेवायचं. ते मूठ तोंडाकडे नेतं, मान वळवून शोधू लागतं. रडणं ही भुकेची शेवटची खूण.

बाळ ओढत नसेल किंवा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असेल तर चीक हातानं काढायचा. पंप इथे उपयोगाचा नाही. एवढा घट्ट, एवढा थोडा चीक त्याच्या नळीतच चिकटून वाया जातो. हात धुवायचे, स्तनावर दोन मिनिटं कोमट ओला कपडा ठेवायचा, हलका मसाज करायचा. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, काळ्या भागाच्या कडेशी. आधी छातीच्या दिशेनं मागे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणून चेपायचं, मग सोडायचं. बोटं कातडीवरून घसरली तर वेदना होतात आणि दूधही येत नाही; स्तनाग्रच पिळलं तरी तेच. पहिल्या मिनिटाला काहीच येत नाही, मग थेंब दिसतो. थेंब थांबले की बोटं थोडी फिरवून दुसऱ्या बाजूनं दाबायचं. उकळून घेतलेल्या वाटीत किंवा सुईविना सिरिंजमध्ये थेंब धरायचे आणि वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजायचे, बाटलीनं नाही. पहिल्या काही तासांत सुरुवात आणि चोवीस तासांत आठ वेळा, त्यातली एक तरी रात्रीची. फार अपुऱ्या दिवसांच्या, अजून तोंडानं पिऊ न शकणाऱ्या बाळांच्या प्रत्येक गालाच्या आत 0.1 मिलि, म्हणजे दोन थेंब चीक दर तीन-चार तासांनी लावण्याची पद्धत अनेक एनआयसीयूत आहे.

या बाळांना चिकाची गरज सर्वांत जास्त असते. 30 आठवड्यांत जन्मलेल्या बाळाला वारेतून मिळणारं आयजीजी पुरेसं मिळालेलंच नसतं, कारण ते बहुतेक शेवटच्या आठवड्यांत जातं. त्यांच्या आतड्याचा एक भीषण आजार, ज्यात आतड्याचा भाग सडतो, तो पावडरच्या दुधावरच्या बाळांमध्ये जास्त आढळतो. आईचं दूध मिळतच नसेल तर दुसऱ्या आईचं दान केलेलं दूध द्यावं, म्हणून मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये दूधपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. दान करणाऱ्या मातेची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस यांची तपासणी होते. दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवून, जंतुचाचणी करून, उणे 20 अंशाला ठेवलं जातं. तापवण्यात जिवंत पेशी मरतात, आयजीए आणि लॅक्टोफेरिन बऱ्यापैकी घटतं, ती न पचणारी साखर मात्र टिकते. म्हणून पहिला मान आईच्या स्वतःच्या ताज्या दुधाचा, दुसरा पेढीतल्या दुधाचा आणि त्यानंतर डब्याचा. घरी काढून ठेवलेलं दूधही म्हणूनच उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही. कोमट पाण्यात वाटी धरून थंडपणा घालवायचा. गार खोलीत ते चार तास चालतं. विदर्भातल्या मे महिन्यात एवढा भरवसा ठेवू नये, फ्रीजमध्येच ठेवावं.

आता गुटी आणि मध. मधात सोन्याची अंगठी उगाळून चाटवणं, सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड यांचे वेढे देणं यामागची माया मला कळते. पण सहाण, तिच्यावरचं पाणी आणि उगाळणाऱ्याचे हात यांतून जंतू थेट अशा आतड्यात जातात जिथे आयजीएचा थर अजून बसतोच आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या रुजतात आणि त्यांच्या विषानं स्नायू लुळे पडतात. पाणीसुद्धा नको. उन्हाळ्यातही नको. दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पूर्ण सहा महिने फक्त अंगावरचं दूध. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि औषधं एवढाच त्याला अपवाद.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली आणि जन्मानंतर तासाभरात दूध मिळालेली बाळं होती 41.8 टक्के. हा आकडा मला फार अस्वस्थ करतो. आई दवाखान्यात आहे, डॉक्टर आहेत, परिचारिका आहे, तरी तो तास हातचा जातो. बाळ पुसायला, वजन करायला, नातेवाइकांना दाखवायला बाहेर जातं. सिझेरियन झालं की "आईला शुद्धीवर येऊ द्या" म्हणतात, पण पाठीतून भूल दिलेली आई पूर्ण जागी असते आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बाळ तिच्या छातीवर आडवं ठेवता येतं. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईंची घरची पहिली भेट तिसऱ्या दिवशी असते. तोपर्यंत चीक एक तर पाजून झालेला असतो, नाही तर टाकून दिलेला. म्हणून या तीन दिवसांची जबाबदारी प्रसूतिगृहाची आहे, आणि कुटुंबानं प्रवेशाच्या वेळीच विचारावं: बाळ लगेच आईच्या छातीवर देणार का, सिझेरियन झालं तरी देणार का, आमच्याशी बोलल्याशिवाय पावडर देणार नाही ना?

दुधाचं कौतुक करताना एक भान हवं. अंगावर पिणारी बाळं आजारी पडत नाहीत, असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2016 च्या लेखमालेनुसार स्तनपानानं जुलाबाचे निम्मे आणि श्वसनसंसर्गाचे एक तृतीयांश प्रसंग टळू शकतात. सगळे नाहीत. दूध लशीची जागाही घेत नाही. दुधातलं आयजीए रोज नव्यानं प्यावं लागतं. गोवर किंवा डांग्या खोकल्याची स्वतःची स्मृती बाळाच्या शरीरात लसच तयार करते. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बीचे जन्मावेळचे डोस आणि पुढचे सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस वेळेवरच हवेत. आणि खूप प्रयत्न करूनही ज्या आईला पाजता येत नाही, तिला दोष देऊन कुणाचंच भलं होत नाही. तिच्या बाळाला लशी आणि स्वच्छ वाटी-चमचा यांची गरज आणखी जास्त.

सहाव्या महिन्यात उष्टावण होते आणि अनेक घरांत तिथूनच पाजणं आटोपतं घेतलं जातं, "आता दुधात काय राहिलंय" म्हणून. बाळ रांगू लागलेलं असतं, हाताला लागेल ते तोंडात घालत असतं आणि वारेतून आलेलं आयजीजी संपत आलेलं असतं. दुसऱ्या वर्षातही दुधातलं आयजीए टिकून असतं आणि लायसोझाइम तर वाढतं. मऊ भात, वरण, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेली भाजी, अंडं सुरू करायचं आणि दोन वर्षांपर्यंत, पुढेही हवं तोवर, पाजत राहायचं. पावसाळ्यात जुलाब लागले तर दूध तोडण्याची घाई मुळीच करू नये. नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजायचं, प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएस द्यायचं आणि जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या पूर्ण 14 दिवस द्यायच्या: सहा महिन्यांखालच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्यावरच्याला 20 मिलिग्रॅम. लहानांची गोळी काढलेल्या दुधात विरघळवून चमच्यानं देता येते.